हबलची काळी रेघ, वेबचा उजळ धागा

हबल आणि जेम्स वेब या दोन अवकाश दुर्बिणींच्या प्रतिमा एकत्र करून केलेली सर्पिल दीर्घिकांची चित्रे हल्ली मोबाइलवर वरचेवर येतात. त्यातले एक गाजलेले चित्र एम७४ या दीर्घिकेचे, ऑगस्ट २०२२ मधले. मधोमध हिरवट-निळा उजेड, त्याभोवती वळत गेलेल्या लाल भुजा आणि भुजांवर गुलाबी बुडबुडे. बघणारे थक्क होतात आणि पाठोपाठ दोन प्रश्न येतात. हे रंग खरे आहेत की संगणकावर भरले? आणि दोन दुर्बिणींचे फोटो एकमेकांत मिसळायचे कशाला, त्यातला चांगला असेल तो ठेवावा की!

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरांकडे वळण्याआधी त्या दोन मूळ प्रतिमा शेजारी शेजारी ठेवा आणि एकाच भुजेवर नजर खिळवा. हबलच्या प्रतिमेत ताऱ्यांच्या उजेडातून एक काळी, फाटे फुटलेली रेघ गेलेली दिसते. वेबच्या प्रतिमेत नेमक्या त्याच जागी, तसेच फाटे फुटलेला उजळ धागा असतो. एकीकडचा अंधार तोच दुसरीकडचा उजेड. प्रतिमा एकत्र का करायच्या, याचे उत्तर या जोडीत आहे.

तव्याची धग

भाकरी झाल्यावर गॅस बंद करा. तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की धग लागते. ती धग म्हणजेही प्रकाशच आहे, फक्त आपल्या डोळ्यांना न दिसणारा. फरक तरंगलांबीचा, म्हणजे प्रकाशाच्या लहरीतल्या दोन लागोपाठच्या शिखरांमधल्या अंतराचा. हे अंतर मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन एवढाच पट्टा दिसतो. त्याहून लांब लहरींच्या प्रकाशाला अवरक्त म्हणतात.

वस्तू जितकी थंड, तितकी तिच्या उजेडाची लहर लांब. हिशेब सोपा आहे: सेल्सिअस तापमानात २७३ मिळवा आणि जो आकडा येईल त्याने २,९०० ला भागा. उत्तर मायक्रॉनमध्ये मिळते. सूर्याच्या पृष्ठभागासाठी ते ०.५ येते, माणसाच्या शरीरासाठी नऊच्या थोडे वर. करोनाच्या काळात विमानतळांवर ताप तपासणारे कॅमेरे ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यात बघायचे ते यामुळेच.

हबल अतिनील, दृश्य आणि दृश्याला लागून असलेल्या थोड्या अवरक्त पट्ट्यात पाहते, साधारण ०.१ ते १.७ मायक्रॉन. वेबचा पट्टा ०.६ पासून २८ मायक्रॉनपर्यंत जातो. वेबवरचे दोन कॅमेरे आपल्या कामाचे: ५ मायक्रॉनपर्यंत पाहणारा निरकॅम आणि त्यापुढचे पाहणारा मिरी. मिरी स्वतः जराही ऊबदार असेल तर स्वतःच्याच धगीने आंधळा होईल, म्हणून तो उणे २६६ अंश सेल्सिअसपेक्षाही थंड ठेवतात. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, पाच थरांच्या सूर्यकवचाच्या सावलीत उभी आहे, तीही याच कारणासाठी. जमिनीवरून हे काम नीट होत नाही. आपली हवा मध्य-अवरक्ताचा बराच भाग गिळते आणि उरलेल्या भागात स्वतःच उजळते.

धूळ अडवते आणि धूळच उजळते

दीर्घिकेतली धूळ म्हणजे कपाटावर बसते ती नव्हे. हे कण वाळूच्या जातीचे आणि कार्बनचे, मायक्रॉनच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे धुराच्या कणांसारखे बारीक. असे कण आखूड लहरी जास्त अडवतात आणि लांब लहरींना वाट देतात. समजा, एखाद्या दाट ढगातून दृश्य प्रकाशाचा दहा हजारांतला एकच भाग बाहेर पडतो आहे. त्याच ढगातून २.२ मायक्रॉनचा प्रकाश एक तृतीयांशाहून जास्त पार होतो. हबलला जिथे भिंत दिसते, तिथे निरकॅमला पडदा दिसतो आणि पडद्यामागचे तारेही.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. धुळीने अडवलेला प्रकाश नाहीसा होत नाही. धूळ तो शोषते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्तात परत देते. विश्वात आजवर ताऱ्यांनी जेवढा प्रकाश दिला, त्यातला जवळजवळ निम्मा धुळीच्या हातून असा बदलून आला आहे. फक्त दृश्य प्रकाशात दीर्घिका बघणे म्हणजे वहीचे खर्चाचे पान फाडून जमेच्या पानावरून हिशेब लावणे.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा, कारण बातम्यांमध्ये तो बहुधा गाळला जातो. मिरीच्या ७.७ आणि ११.३ मायक्रॉनच्या प्रतिमांतला उजेड हा ‘तापलेल्या धुळीचा’ म्हणून सांगतात. खरे तर त्यातला मोठा भाग पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाच्या रेणूंचा असतो. नाव अवघड असले तरी वस्तू ओळखीची आहे: चुलीची काजळी, गाड्यांचा धूर, विस्तवावर भाजलेल्या वांग्याची करपलेली साल, सगळ्यांत याच कुळातले रेणू असतात. पुढे त्यांना काजळीचे रेणू म्हणू. हा रेणू इतका लहान असतो की अतिनील प्रकाशाचा एकच कण आदळला तरी तो क्षणभर शेकडो अंशांनी तापतो आणि ठरलेल्या तरंगलांब्यांवर ती ऊर्जा फेकून पुन्हा थंड होतो. २१ मायक्रॉनचा उजेड मात्र मुख्यतः नवजात ताऱ्यांच्या कुशीतल्या खरोखर गरम धुळीचा. म्हणून मिरीच्या दोन फिल्टरांच्या (फिल्टर म्हणजे ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारी काच) प्रतिमा दिसायला सारख्या असल्या तरी एकच गोष्ट सांगत नाहीत.

वेब एवढी मोठी, मग हबल हवीच कशाला?

वेबचा आरसा ६.५ मीटरचा, हबलचा २.४ मीटरचा. मोठा आरसा म्हणजे जास्त बारकावा, हे खरे. पण तरंगलांबी तीच असेल तर. लहर लांब झाली की बारकावा तेवढ्याच पटीने कमी होतो.

बारकावा आर्कसेकंदात मोजतात. एक रुपयाचे नाणे चार-साडेचार किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा एक आर्कसेकंद. हबलला हिरव्या प्रकाशात ०.०६ आर्कसेकंदापर्यंतचे तपशील सुटे दिसतात. निरकॅमला २ मायक्रॉनवर ०.०८, मिरीला ७.७ मायक्रॉनवर ०.३, आणि २१ मायक्रॉनवर थेट ०.८. एम७४ आपल्यापासून सुमारे ३ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर आहे. त्या अंतरावर हबलचा सर्वांत लहान ठिपका सुमारे ९ प्रकाशवर्षांचा पडतो, तर २१ मायक्रॉनवर वेबचा १२५ प्रकाशवर्षांचा. म्हणजे मध्य-अवरक्तात वेब हबलपेक्षा बोथट आहे. तरीही तिचे मोल प्रचंड, कारण तिच्याआधी या पट्ट्यात पाहणाऱ्या अवकाश दुर्बिणींचे आरसे एक मीटरच्याही आतले होते.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. अवजड, तरुण तारे अतिशय उष्ण असतात आणि त्यांचा बहुतेक उजेड अतिनील व निळ्या पट्ट्यात असतो. वेबला निळा रंग दिसतच नाही. ताऱ्यांच्या गुच्छाचे वय काढायला हाच निळा आणि अतिनील उजेड लागतो, आणि तो हबलकडेच आहे.

रंगांचे ठसे एकावर एक बसवणे

छापखान्यात रंगीत कॅलेंडर छापताना चार रंगांचे चार ठसे कागदावर लागोपाठ उमटतात. एक ठसा केसभर सरकला तरी देवाच्या चेहऱ्याला लाल कड येते आणि डोळे दोन दोन दिसतात. दीर्घिकेची एकत्रित प्रतिमा करताना हेच काम असते, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

दोन्ही दुर्बिणींच्या फाइली ‘फिट्स’ या स्वरूपात मिळतात. त्या अंतराळ दुर्बीण विज्ञान संस्थेच्या मास्ट या सार्वजनिक संग्रहातून कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. काही नव्या निरीक्षणांपुरती ठरावीक मुदत थांबावे लागते. वेबसाठी नावाच्या शेवटी ‘आय२डी’ असलेली फाइल घ्यावी, हबलच्या दृश्य प्रकाशातल्या कॅमेऱ्यांसाठी ‘डीआरसी’ असलेली. या दोन्ही जोडून, दुरुस्त करून तयार ठेवलेल्या असतात. फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेल आकाशात नेमका कुठे पडतो याची माहिती असते. तिच्या आधारे सगळ्या प्रतिमा एकाच जाळीवर आणायच्या. हबलच्या एसीएस कॅमेऱ्याचा पिक्सेल ०.०५ आर्कसेकंदाचा, मिरीचा ०.११ चा, जाळी बारीक पिक्सेलची निवडावी, नाहीतर हबलचा तपशील पहिल्याच पायरीवर हरवतो. प्रतिमांची फिरलेली दिशाही याच पायरीत सरळ होते.

पण फाइलीतल्या जागेवर डोळे झाकून विसंबू नये. हबलच्या जुन्या निरीक्षणांत ती कधी कधी अर्ध्या ते एका आर्कसेकंदाने चुकलेली असते, म्हणजे दहा ते वीस पिक्सेल. उपाय असा की गाया या उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या जागांवर प्रत्येक प्रतिमा आणून बसवायची. हबल आणि निरकॅमसाठी हे जमते, त्यांच्यात ताऱ्यांची रेलचेल असते. मिरीच्या २१ मायक्रॉनच्या प्रतिमेत मात्र सुटे तारे जवळजवळ उरतच नाहीत. तिथे पायरी पायरीने जावे लागते. आधी निरकॅमची प्रतिमा गायावर बसवायची, मग ७.७ किंवा १० मायक्रॉनची प्रतिमा निरकॅमवर, आणि २१ मायक्रॉनची प्रतिमा तिच्या शेजारच्या मिरी प्रतिमेवर.

हे काम टाळून संगणकाला ‘दोन्ही प्रतिमांतले उजळ भाग जुळव’ असे सांगणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हबलच्या प्रतिमेत उजळ असतात ते तारे आणि काळी असते ती धूळ. मिरीत धूळ उजळ. उजळाला उजळ जुळवले की धुळीचा धागा ताऱ्यांच्या पट्ट्यावर सरकतो. शिवाय भुजेमध्ये धूळ आणि तरुण तारे यांच्यात खरोखरच थोडे अंतर असते. चुकीच्या जुळवणीत ते अंतरच पुसले जाते, आणि अभ्यास करायचा तो नेमका त्याचा.

फिल्टरच्या नावांतही एक सापळा आहे. हबलच्या एफ५५५डब्ल्यू फिल्टरमधले ५५५ हे नॅनोमीटर आहेत, म्हणजे ०.५५५ मायक्रॉन. वेबच्या एफ७७०डब्ल्यूमधले ७७० हे मायक्रॉनचे शतांश आहेत, म्हणजे ७.७ मायक्रॉन. हे ठाऊक नसेल तर हबलचा एफ८१४डब्ल्यू हा वेबच्या एफ७७०डब्ल्यूपेक्षा लांब लहरींचा वाटतो. प्रत्यक्षात तो जवळजवळ दहा पटींनी आखूड आहे. असा घोटाळा झाला की रंगांचा क्रम उलटतो.

आभाळ वजा करताना दीर्घिका वजा होऊ नये

मध्य-अवरक्तात रिकामे आभाळही काळे नसते. सूर्यमालेतली धूळ उजळत असते, लांब तरंगलांब्यांवर दुर्बिणीची स्वतःची धगही त्यात मिसळते. हा सगळीकडचा पातळ उजेड वजा करावा लागतो. अडचण अशी की एम७४ आकाशात चंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, दहा आर्कमिनिटांच्या (एक आर्कमिनिट म्हणजे ६० आर्कसेकंद) आसपास पसरलेली आहे, आणि मिरीची चौकट ७४ बाय ११३ आर्कसेकंदांची, म्हणजे सव्वा बाय दोन आर्कमिनिटांहून लहान. चौकट दीर्घिकेने काठोकाठ भरलेली असते. तिच्यातलाच सर्वांत मंद भाग ‘आभाळ’ समजून वजा केला, तर दीर्घिकेच्या तबकडीचा मंद उजेड त्याच्याबरोबर जातो आणि भुजांच्या मधल्या जागा खोट्या काळ्या पडतात. म्हणून शेजारच्या रिकाम्या आकाशाची वेगळी प्रतिमा घेऊन तिच्यावरून आभाळाची पातळी ठरवतात.

शेजारच्या चौकटींची पातळी थोडी जरी वेगळी राहिली तर प्रतिमेवर सरळ शिवणी दिसतात. गोधडीचे तुकडे कळावेत तसे. निसर्गात सरळ रेषा विरळा. दीर्घिकेत सरळ उभी-आडवी सीमा दिसली तर ती बहुतेक चौकटीची कड असते. वेबची प्रतिमा जिथे संपते आणि हबलची पुढे जाते, तिथेही रंग एकदम बदलतो. जाणकार मंडळी दोन्हींना सामाईक असलेलाच भाग कापून ठेवतात.

अतिशय उजळ जागी कॅमेऱ्याचा पिक्सेल ओसंडून जातो आणि फाइलीत त्या जागी आकडाच राहत नाही. पडद्यावर तिथे काळा ठिपका दिसतो. दीर्घिकेच्या गाभ्यात असा ठिपका पाहून ‘हेच ते कृष्णविवर’ असे सांगणारे संदेश फिरतात, तेव्हा वाईट वाटते. तो ओसंडलेला पिक्सेल आहे. तयार चित्रात तो कमी वेळ उघडलेल्या प्रतिमेवरून भरून काढतात.

शेवटी उजेडाचा ताण. मूळ आकड्यांमध्ये गाभा भुजांच्या कित्येक पट उजळ असतो. आकडे आहेत तसे पडद्यावर दाखवले तर मध्ये पांढरा डाग आणि बाकी अंधार. दिवाळीत आकाशकंदील आणि मागचे अंगण एकाच फोटोत नीट यावे म्हणून जी खटपट करावी लागते, तीच इथे. मंद भाग जास्त वर उचलणारे आणि उजळ भाग दाबून धरणारे गणिती सूत्र वापरतात. लॉगरिदम किंवा त्याच्या जवळचे ‘एसिंच’ नावाचे सूत्र सर्रास चालते. हे प्रत्येक फिल्टरच्या प्रतिमेवर स्वतंत्रपणे, ३२ बिटांच्या आकड्यांवरच करावे. आधी जेपेग करून मग ताण दिला तर मंद भागात पायऱ्या पायऱ्या पडतात. काळी पातळी आभाळाच्या जरा खालीच ठेवावी. नेमकी आभाळावर ठेवली तर निम्मा मंद तपशील काळ्यात गडप होतो.

मग रंग खरे का?

कॅमेरे कृष्णधवल असतात. प्रत्येक फिल्टरमागे एक करडी प्रतिमा मिळते. तिच्यात कुठला पिक्सेल किती उजळ, हे मोजमाप असते. त्यात कुणी मनचे भरत नाही. ती कुठल्या रंगात दाखवायची, ही मात्र निवड. त्या निवडीलाही रीत आहे: सर्वांत आखूड लहर निळी, सर्वांत लांब लाल, मधल्या मध्ये. इंद्रधनुष्यातलाच क्रम, फक्त लांब ताणलेला. २१ मायक्रॉनचा ‘खरा’ रंग कोणता, हा प्रश्नच उभा राहत नाही, कारण त्या लहरीला रंग देणारी संवेदना आपल्या डोळ्यांत नाही. चढा सूर ऐकू येत नसेल तर तोच राग खालच्या पट्टीत गाऊन दाखवावा, तसे हे आहे. स्वर बदलतात, त्यांच्यातली नाती तीच राहतात.

एम७४ च्या त्या चित्रात लाल म्हणजे भुजांमधली धूळ आणि फिकट केशरी म्हणजे जास्त गरम धूळ. निळे आहेत ते तरुण तारे. गाभ्याकडचा हिरवट-निळा उजेड जुन्या ताऱ्यांचा, आणि गुलाबी म्हणजे तारे जन्मत असलेल्या जागा. एवढी किल्ली हाती असली की चित्र वाचता येते. किल्ली न देता चित्र पुढे ढकलणाऱ्यांबद्दल तक्रार करायला जागा आहे. रंग देणाऱ्यांबद्दल नाही.

‘पण जवळ जाऊन पाहिले तर असे दिसेल का?’ नाही. आणि याचा पुरावा आपल्या डोक्यावरच आहे. आपण स्वतः एका सर्पिल दीर्घिकेच्या आत राहतो. अमावास्येच्या रात्री कोकणातल्या एखाद्या अंधाऱ्या किनाऱ्यावरून आकाशगंगा बघितली तर ती फिकट, दुधट पट्टाच दिसते. तिच्यात निळा-लाल काही दिसत नाही. पसरलेली वस्तू जवळ गेल्याने मोठी दिसते, पण तिचा एकेक तुकडा जास्त उजळ होत नाही. एम७४ तर डिसेंबरात रात्री आठच्या सुमारास महाराष्ट्रातून जवळजवळ थेट माथ्यावर येते, मीन राशीतल्या ईटा या ताऱ्याच्या शेजारी. तिचा उजेड एवढा पसरलेला आहे की चांगल्या घरगुती दुर्बिणीतूनही धुरकट डागच दिसतो, तोही गडद अंधार असेल तर. इंग्रजीत तिला ‘फँटम’, म्हणजे भास झाल्यासारखी दीर्घिका म्हणतात ते उगीच नाही.

दोन फोटोंमध्ये कितीतरी वर्षे गेली, तोवर दीर्घिका हलली नसेल?

हबलने एम७४ चे दृश्य प्रकाशातले गाजलेले फोटो २००३ आणि २००५ मध्ये घेतले, वेबने जुलै २०२२ मध्ये. दीर्घिका फिरते, तारे धावतात, मग ठसे जुळतील कसे? हिशेब करून पाहू. ताऱ्यांचा वेग सेकंदाला २०० किलोमीटर धरला तर १९ वर्षांत तारा सुमारे १२,००० कोटी किलोमीटर जातो. हा आकडा डोळे फिरवतो, पण एवढ्या दुरून तो हबलच्या एका पिक्सेलचा सहाशेवा भागही भरत नाही.

हलतात ते आपल्याच आकाशगंगेतले, मध्येच उभे असलेले तारे. त्यातला एखादा वर्षाला ०.०२ आर्कसेकंद सरकत असेल तर १९ वर्षांत सात-आठ पिक्सेल पुढे गेलेला असतो. म्हणून एकत्रित चित्रात काही ठळक तारे निळे आणि लाल असे दोन वेगळे दिसतात. जुळवणीत गायाच्या ताऱ्यांची जागा त्या त्या वर्षानुसार सरकवून घ्यावी लागते तीही यासाठी. नाहीतर हलत्या खुणांवर सगळी इमारत उभी राहते. हे मधले तारे ओळखायला आणखी एक खूण आहे. हबलमध्ये ठळक ताऱ्याला चार किरणे फुटतात, वेबमध्ये सहा मोठी आणि दोन लहान. एकाच ताऱ्याला दोन्ही जातींची किरणे दिसली तर तो आपल्या अंगणातला, दीर्घिकेतला नव्हे.

एक गोष्ट खरोखर बदलते: फुटणारे तारे. एम७४ मध्ये २००३ साली आणि पुन्हा २०१३ साली तारा फुटलेला दिसला होता. असा ठिपका एका वर्षीच्या प्रतिमेत असतो आणि दुसऱ्या वर्षीच्या प्रतिमेत नसतो किंवा विझत आलेला असतो.

यातून कळते काय?

एखाद्या गावात जाऊन आपण एका दिवसात सगळे फोटो काढले, तर त्यात तान्ही बाळेही येतात आणि म्हातारेही. एकाच माणसाचे आयुष्य बघायला सत्तर वर्षे थांबावे लागत नाही. ताऱ्यांचे जन्म समजून घेण्याची हीच युक्ती आहे, आणि तिला दोन्ही दुर्बिणी लागतात.

२१ मायक्रॉनमध्ये झगझगीत ठिपका आणि हबलमध्ये त्या जागी काहीच नाही, किंवा नुसता काळा डाग: हे तारे अजून धुळीच्या दुलईत आहेत. २१ मायक्रॉनचा ठिपका आहे आणि हबलच्या ०.६५६ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये तापलेल्या हायड्रोजनचा गुलाबी उजेडही आहे: दुलई फाटायला लागली. निळा गुच्छ स्वच्छ दिसतो आणि आजूबाजूला धूळ नाही: काही दशलक्ष वर्षांत ताऱ्यांनी आपले घर झाडून काढले. कुठल्या अवस्थेतले किती गुच्छ सापडतात ते मोजले की प्रत्येक अवस्था किती काळ टिकते याचा अंदाज येतो. केवळ हबलवर विसंबले तर पहिली अवस्था गणतीतच येत नाही. केवळ मिरीवर विसंबले तर शेवटची निसटते.

घर झाडल्याच्या खुणाही दिसतात. मिरीच्या प्रतिमेत एम७४ ची तबकडी जाळीदार अनरशासारखी दिसते, भोकेच भोके. ही भोके म्हणजे वायू आणि धूळ बाजूला सारून झालेले बुडबुडे. संशोधकांनी या एका दीर्घिकेत असे सुमारे १,७०० बुडबुडे मोजले आहेत. सर्वांत मोठा ३,००० प्रकाशवर्षांहून जास्त रुंद आहे. ते कुणी फुगवले हे मिरी सांगू शकत नाही, तिथे फक्त रिकामी जागा दिसते. हबलची प्रतिमा वर ठेवली की त्या रिकाम्या जागेत निळे गुच्छ सापडतात. त्यांचे वारे आणि त्यांतल्या अवजड ताऱ्यांचे स्फोट हे फुगवणारे. बुडबुड्याच्या कडेला, जिथे धूळ रेटून दाट झाली आहे, तिथे पुन्हा २१ मायक्रॉनचे ठिपके दिसतात: नवी पिढी.

हे एका दीर्घिकेपुरते राहिले नाही. फँग्स या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने वेबच्या पहिल्या फेरीत अशा १९ सर्पिल दीर्घिका पाहिल्या आणि २९ जानेवारी २०२४ रोजी त्यांच्या प्रतिमा एकत्र प्रसिद्ध झाल्या. त्या सगळ्यांच्या हबल प्रतिमाही उपलब्ध आहेत.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. चित्र बघण्यासाठी हबलचा बारकावा आहे तसा ठेवावा. पण दोन प्रतिमांचे आकडे भागून काही गणित करायचे असेल, उदाहरणार्थ कुठे किती प्रकाश धुळीने अडवला, तर हबलची प्रतिमा आधी मिरीइतकी बोथट करावी लागते. ०.०६ च्या ठिपक्याला ०.८ च्या ठिपक्याने भागले तर प्रत्येक ताऱ्याभोवती धुळीचे खोटे कडे दिसते. एककेही सारखी करावी लागतात: हबलच्या फाइलीत दर सेकंदाला मोजलेले इलेक्ट्रॉन असतात, वेबच्या फाइलीत आकाशाच्या ठरावीक तुकड्यामागची प्रकाशाची तीव्रता.

आता ते चित्र पुन्हा उघडा आणि एक भुज निवडा. तिच्या आतल्या, गाभ्याकडच्या कडेपासून बाहेर सरकत जा. आधी लाल धागा लागतो. फिरत आलेला वायू भुजेत शिरताना इथे दाटतो. धाग्यावर किंवा त्याला चिकटून केशरी ठिपके असतात. थोडे बाहेर गुलाबी. त्याच्याही पुढे निळ्या ताऱ्यांचा विखुरलेला चुरा, आणि मग दोन भुजांमधली शांत, फिकट जागा. अर्ध्या बोटाच्या त्या अंतरात ताऱ्यांचा जन्म, त्यांचे बाहेर पडणे आणि पांगणे ओळीने मांडलेले आहे. भुज काही जागी तुटलेली असते, क्रम सगळीकडे एवढा साफ नसतो. जिथे तो बिघडलेला दिसेल तिथे बहुधा एखादा बुडबुडा सापडतो.